शेजारच्या गच्चीवरच्या सळया

"मॅडम, तुम्ही पॅनेलचं बघायला गेलात की शेजाऱ्याच्या सळया मोजायला?" साहेब फोनवर विचारत होते. मी चाकणजवळच्या एका गावात बबनकाकांच्या गच्चीवर उभी होते आणि माझं डोकं फिरलं होतं.

मी घरगुती सोलरच्या कंपनीत साइट इंजिनिअर आहे. खर्च किती, बिल किती वाचेल, पैसे किती वर्षांत वसूल होतील, हा हिशेब माझं काम. इथे तो साहेबांनी एसीत बसून, सॅटेलाइटच्या फोटोवरून आधीच केला होता. चार वर्षांत वसूल, पुढे वीज जवळजवळ फुकट. कारखान्यातून रिटायर झालेले बबनकाका त्यात फंडाचे पैसे घालणार होते. चेक दुसऱ्या दिवशी. मी फक्त साइट रिपोर्टवर सही करायची.

पण दक्षिणेला भिंतीला भिंत लागून त्यांच्या धाकट्या भावाचं, विलासरावांचं घर. त्याच्या कॉलमांतून सळया पुरुषभर वर आलेल्या. काकांच्या कॉलमांवरही होत्याच. आमच्या या पट्ट्यात घर कधी पुरं होत नाही. कामगारांना भाड्याने द्यायला अजून रूम काढायच्या असतात, म्हणून स्लॅब टाकला तरी सळया तशाच सोडतात. वरून काढलेल्या फोटोत त्या दिसत नाहीत. गच्चीवर आलेल्या माणसाला मात्र दिसतात.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. तिकडे मजला चढला की सावली थेट पॅनेलवर. पॅनेल साखळीसारखे जोडलेले असतात. काहींवर सावली आली, तरी अख्ख्या ओळीची वीज मार खाते.

हेच मी साहेबांना सांगत होते. ते म्हणाले, आज सावली नाही ना, मग रिपोर्टात सावली शून्य लिहा आणि तुम्ही काढलेल्या फोटोतून सळया कापा. मला इतका संताप आला की मी फोनच बंद केला.

काकांना विचारलं, भाऊ मजला कधी चढवणार?

"दिवाळीनंतर. ठरलंय त्येचं. का वो, ताई?"

"मग आमच्या साहेबांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी इचारलंच न्हाई. म्हनले, कॉम्प्युटरनं समदं धरलंय."

आयुष्यभर कारखान्यात गेज लावून पार्ट तपासलेला माणूस, कॉम्प्युटरचं नाव काढल्यावर गप्प बसला होता. राग त्यांच्यावर नव्हता. त्यांना गप्प बसवणाऱ्यावर होता.

मी विलासरावांना हाक मारून मजल्याची उंची विचारली. सावली धरून हिशेब पुन्हा केला. चाराची नऊ वर्षं झाली. काकांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले, चेक राहू द्या.

ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पगार कंपनी देते की बबनकाका? मी म्हटलं, नंतर शिव्या खायला त्या गच्चीवर मलाच पाठवाल. त्या महिन्याचा माझा इन्सेंटिव्ह गेला.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी मुद्दाम बोलावलं. विलासरावांचा मजला उभा राहिला होता. भर दुपारी पॅनेलच्या जागेवर आम्ही दोघं सावलीत उभे होतो.

"फंड वाचला, ताई. आता आमी बी मजला चढवतो, मग बसवू."

मी सहज उत्तरेकडे बघितलं. पलीकडच्या गच्चीवर नवेकोरे पॅनेल चमकत होते. आमच्याच कंपनीचे. काकांचा मजला चढला की सावली त्यांच्यावर. त्या साइटवर साहेबांनी मला पाठवलंच नव्हतं.

सोलर घेताना आपल्या गच्चीइतकीच शेजाऱ्याची गच्ची बघा. आणि कंपनीचा माणूस जिना चढून वर आला नसेल, तर चेकबुक बाहेर काढू नका.