दुधाच्या पेल्यातलं चूर्ण आणि कॅलेंडरवरची साक्ष

ती स्टीलची डबी मला आजही आठवते. मुठीत मावेल एवढी, झाकणावर लग्नातलं नाव कोरलेलं, आत तपकिरी चूर्ण. नोकरीत मी तलवारी जप्त केल्या, गावठी दारूची पिंपं जप्त केली. पण पंचनामा लिहिताना माझा हात अडखळला असेल तर तो या डबीपाशी.

तेव्हा मी बोईसर भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. बंदोबस्त, कारखान्यांतल्या आगी, भाडेकरूंची भांडणं, यात झोपेचा पत्ता नसायचा. एकदा कोर्टात उलटतपासणीत मला माझ्याच पंचाचं नाव आठवेना. वकील मिशीतल्या मिशीत हसला. त्याच आठवड्यात मी मोबाइलवरून ‘एकाग्रता व स्मरणशक्ती’ असं लिहिलेली कॅप्सूलची बाटली मागवली आणि टेबलाच्या खणात शिक्क्याच्या पॅडशेजारी लपवून ठेवली. पोलीस अधिकारी विसरायला लागलाय, हे सांगणार कुणाला? घरचा चहासुद्धा तेव्हा मला तुरट लागायचा. मी क्वार्टरच्या पाण्याला शिव्या घालायचो.

अशात एका सकाळी सरकारी रुग्णालयातून फोन आला. कुंभवलीत राहणारा एक चाळिशीचा माणूस कंपनीच्या बसची वाट बघता बघता नाक्यावर कोसळला होता. तारापूरच्या वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात तो ऑपरेटर होता. पोटात काहीतरी गेल्याचा डॉक्टरांना संशय होता. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली आणि मी टोपी उचलली. तेवढ्यात दारात एक पन्नाशीचा गृहस्थ धापा टाकत उभा राहिला. रुग्णाचा मोठा भाऊ. शिरगावात त्याची वडिलोपार्जित वाडी होती.

“साहेब, तक्रार लिवून घ्या. माज्या भावाला त्याची बायको रोज दुदातून कायतरी पाजते. मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. डबीतून काडते, पेल्यात टाकते, नि मानूस आला की डबी पदराखाली.”

“कशासाठी पाजेल?”

“ते तुमी शोदा. पोलीस तुमी हाय, मी नाय.”

तक्रारीची एवढी घाई असणारा तक्रारदार एकतर खोटारडा असतो, नाहीतर घाबरलेला. हा खांद्यावरच्या टॉवेलने सारखे डोळे पुसत होता. मी त्याला गाडीत घेतलं.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाई वयाने लहान, पण बोलायला खमक्या होत्या. “साहेब, नाडी धावतेय, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध आहे. पोटात काय काय गेलंय ते कळल्याशिवाय मी चाचपडत राहणार. तुमचा गुन्हा नंतर शोधा. आधी मला यादी आणून द्या.”

बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. मांडीवर नवऱ्याचं हेल्मेट, पायाशी त्याची ड्यूटीची पिशवी. दिराने बघताच तोंड फिरवलं. विषप्रयोगाच्या गुन्ह्यात ही बाई आत जाणार की नाही, हे आता माझ्या कागदावर ठरणार होतं. महिला शिपायाला बरोबर घेऊन आम्ही तिला कुंभवलीच्या घरी नेलं. दोन पंच बोलावले. मागितल्याबरोबर तिने फडताळातून डबी काढून दिली.

“यात काय आहे?”

“चूर्न.”

“कुठून आणलंत?”

ती फडताळाचं दार लावायला वळली.

“कुणी सांगितलं द्यायला?”

“कोनी नाय. माजं मीच.”

मी आवाज चढवला. खरं सांगायचं तर माझा आवाज तेव्हा जरा जास्तच चढायचा. ती जमिनीकडे बघत म्हणाली, “मीच दिलं साहेब. काय झालं असंल ते माज्यामुलंच. मला न्या. पन कंपनीत कायच कळवू नका.”

हे वाक्य माझ्या कानाला खटकलं. सापडलेला माणूस सांगतो, माहेरी कळवू नका, शेजाऱ्यांसमोर नेऊ नका. ही बाई स्वतःसाठी काहीच मागत नव्हती. कारखान्याला का भ्यावं हिने?

इतक्यात स्वयंपाकघरातून महिला शिपायाने हाक मारली. “साहेब, हे बघा जरा.”

भिंतीवर कॅलेंडर होतं. आपल्याकडे घरोघरी असतं तसंच, दुधाच्या नोंदीचं. दूध आलं नाही त्या तारखेला फुली. पण या घरात जवळजवळ प्रत्येक तारखेखाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मी चष्मा लावून वाचू लागलो. ‘किल्ली विसरले नाहीत.’ ‘गॅस चालू ठेवला.’ ‘लग्नाची तारीख स्वतःहून सांगितली.’ ‘आज गुणगुणले.’ मागची पानं उलटली, तीही तशीच भरलेली. तीन महिने ही बाई नवऱ्याच्या आठवणीचा हिशेब ठेवत होती, आणि आम्ही तिला विषप्रयोगाचे प्रश्न विचारत होतो.

मी स्टूल ओढून बसलो आणि पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, “विसरायला कधीपासून लागले?”

तेव्हा ती बोलली. कारखान्यातली माणसं काम सोडून गेल्यामुळे नवऱ्याने कित्येक महिने दोन-दोन पाळ्या केल्या होत्या. एके दिवशी तो व्हॉल्व्हसमोर उभा राहिला आणि आपण तो उघडला की नाही हेच त्याला आठवेना. नशिबाने पाळीतला सोबती जवळ होता. डॉक्टरांनी त्याला बर्नआउट, म्हणजे अतिकामाने आलेला थकवा म्हटलं, रात्रीची गोळी दिली, विश्रांती सांगितली. गावात लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. रजा संपवून तो परत रुजू झाला, पण डोक्यात काही राहीना.

“परत एक चूक झाली तर कंट्रोल पॅनेलवरनं काडतील, साहेब. ते म्हनतात, पॅनेल गेलं तर मी कोन? बाजारात एक मानूस चूर्न विकतो, मेंदूचं. पुडीवर नाव नाय, काय नाय. मला वाटलं, पाला-मुळी हाय, त्यानं काय व्हनार? त्यांना कळलं तर वाटंल, बायकोलापन मी येडा वाटतो. म्हनून दुदात.”

मी पुन्हा कॅलेंडरकडे वळलो. एक गोष्ट नजरेत भरली. रविवारच्या चौकोनात ‘दादा आले’ असं असलं की सोमवारी ‘हात थरथरतात’ किंवा ‘झोप नाही’ हे ठरलेलं. एकदा नव्हे, पाच वेळा.

दादा म्हणजे तोच तक्रारदार भाऊ. बाईला घेऊन आम्ही रुग्णालयात परतलो आणि व्हरांड्यात मी त्याला बाजूला घेतलं.

“रविवारी भावाकडे काय घेऊन जाता?”

“वाडीतली केली. कदी नारल, कदी शेवग्याच्या शेंगा.”

“आणि?”

तो टॉवेलशी चाळा करू लागला. “काडा. सरबताच्या बाटलीतनं. आमच्या तिकडं एक जुना मानूस देतो, डोकं शांत व्हायला. त्याला म्हटलं, हिला सांगू नको, ही डाक्टरवाली.” मग एकदम त्याचा चेहरा पडला. “म्हंजे साहेब... मीपन?”

मी खिशातली वही काढली आणि ‘चूर्ण’च्या खाली ‘काढा’ असं लिहिलं.

राहिली ती ड्यूटीची पिशवी. बायकोने ती उघडलेली नव्हती. नवऱ्याच्या ड्यूटीच्या पिशवीत आपण बघत नाही, असं तिचं म्हणणं. पंचांसमोर ती उघडली. डबा तीन खणांचा. दोन खणांत भाजी-पोळी, तळाच्या खणात रुमालात गुंडाळलेली कॅप्सूलची बाटली. लेबलवर चमकणारा मेंदू. मी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. माझ्या खणातल्या बाटलीची ती सख्खी बहीण होती, फक्त हिच्यातल्या अर्ध्याहून जास्त संपल्या होत्या.

बायको बाटलीकडे बघत राहिली. “मला बोलले का नाय?” एवढंच म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडली. सकाळपासून पहिल्यांदाच.

यादी पुरी झाली. डॉक्टरांची रात्रीची गोळी, बायकोचं चूर्ण, भावाचा काढा, स्वतःच्या कॅप्सूल. वर पाळीभर कपामागून कप चहा आणि झोप नाही. मी कागद डॉक्टरबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, कपाळाला हात लावला आणि नर्सला भराभर सूचना दिल्या.

दुसऱ्या दिवशी नाडी ठिकाणावर आली. तिसऱ्या दिवशी मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होते. मी त्याला यादीतल्या चारही गोष्टी वाचून दाखवल्या. तो ऐकत राहिला. मग कसनुसं हसला.

“साहेब, अठरा वर्षं रिॲक्टर चालवतो. पहिल्या दिवशी शिकवतात, आत काय हाय ते बगितल्याशिवाय दुसरं कायबी सोडायचं नाय. बॅच शीटवर लिवायचं, दुसऱ्याची सही घ्यायची. नवीन पोरांना मी ओरडतो त्याच्यावरनं. आनि घरी...” त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “इथं कुनीपन कायपन सोडत व्हता. मीपन.”

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “शीट आहे तुमची. वहिनींनी ठेवलीय.” त्यांनी कॅलेंडरची पानं मागवून घेतली होती. मग खाटेच्या कडेला टेकून त्या तिघांनाही समजावू लागल्या. “थकलेला मेंदू आधी झोप मागतो. आधी रक्त तपासू. थायरॉइड, बी-बारा, लोह. कमी असेल तेच देऊ, नसेल ते नाही. काही घ्यायचंच झालं तर एका वेळी एक, आणि चालू असलेल्या गोळीबरोबर चालतं का ते मला विचारून. पुडीवर काय आहे, कुणी बनवलं, परवाना कुठला, हे लिहिलेलं नसेल तर ती घरात आणायची नाही. लिहिलेलं असलं तरी दाखवायची. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, असं नसतं.”

भावाने मान खाली घातली. मग भावजयीकडे न बघताच म्हणाला, “साहेब, तो माजा अर्ज फाडून टाका.” कागद फाडता येत नाही, असं मी सांगितलं आणि त्याचा पुरवणी जबाब घेतला. बाईवर गुन्हा दाखल झाला नाही. बाजारातला चूर्णवाला आम्हाला सापडला. नमुना तपासणीला गेला, आणि त्यात पाल्यामुळीबरोबर उत्तेजक औषध मिसळल्याचं निघालं. त्याच्यावर रीतसर कारवाई झाली. रुग्णाने आणखी रजा घेतली आणि पुढे स्वतः होऊन काही महिने दिवसपाळीचं हलकं काम मागून घेतलं. कारखान्याला त्याने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि त्याला कुणी काढलं नाही. नंतर तो पॅनेलवर परत गेला, असं कानावर आलं.

शेवटचे कागद घेताना डॉक्टरबाईंनी मला सहज विचारलं, “साहेब, तुम्ही काय घेता? डोळ्यांखाली काळं पडलंय.” मी “काही नाही” म्हणालो. दुसऱ्यांचे खोटे जबाब पकडण्यात माझी हयात गेली होती, पण हा जबाब माझ्याही कानाला फुसका वाटला.

त्या संध्याकाळी खणातली बाटली खिशात घालून मी घरी गेलो आणि चहाच्या टेबलावर बायकोसमोर ठेवली. कोर्टातला प्रसंग सांगितला, विसरण्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने कपबशी बाजूला सारली. मग उठली, मसाल्याच्या डब्यांमागे हात घातला आणि एक पुडी काढून बाटलीशेजारी ठेवली. कोरी पुडी. नाव नाही, गाव नाही.

“तुमच्या चहात घालते,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. तुम्ही रात्री झोपेत दचकून उठता, मला बघवत नाही. सांगितलं असतं तर घेतलं असतंत का?”

क्वार्टरच्या पाण्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

कुंभवलीच्या त्या घराने मला इतकंच शिकवलं की थकलेल्या माणसावर जीव असणारा प्रत्येक जण त्याला काहीतरी द्यायला धावतो, आणि त्याला विचारायचं मात्र राहून जातं. मी पोलीस असून माझ्या घरातलंही मला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाटली आणि पुडी एकाच पिशवीत घालून आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. रांगेत बसलो असताना तिने पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, “आपल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला काय लिहू?”

मी म्हणालो, “लिही, आज खरं बोलले.”