सावली सरकली की

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. दुष्काळात चौसाळ्याजवळच्या चारा छावणीत माझ्या बैलांशेजारी एका माजी सैनिकाची म्हातारी गाय बांधलेली असे. त्याच्या डोक्यावर फौजेची विटलेली हिरवी टोपी असायची. नाव मी कधी विचारलं नाही. गाय पाणी पीत असली की तो तिच्या गळ्यावर तळवा ठेवून उभा राहायचा.

"भाकड गाय हाय, फौजी. कशाला पोसता?" मी एकदा हसत विचारलं.

"फौजेत खेचरं सांभाळायचो, पावणं. एक बर्फात जितं सोडून आलतो. आता कुणाला सोडीत न्हाई."

एके दिवशी तो पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बीडला निघाला. "सावली सरकली की गाय सरकवा," एवढंच त्यानं मला सांगितलं. मी चहाच्या टपरीवर गप्पांत रमलो. परतलो तेव्हा गाय उन्हात मरून पडली होती.

संध्याकाळी तो आला. तिच्या गळ्यावर तळवा ठेवून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "शेवटाला तुमी जवळ व्हता ना?"

"व्हतो," मी म्हणालो.

त्यानं माझे दोन्ही हात कपाळाला लावले.

अजूनही बाजारात हिरवी टोपी दिसली की मी मागे धावतो. चेहरा दुसराच निघतो, आणि 'नव्हतो हो फौजी, माफ करा' हे शब्द तोंडातच राहतात.