फोटू काढ

इथले बरेच अनुभव मी वाचलेत, आणि खरं सांगतो, अर्ध्याहून जास्त वाचताना हसलोय. भूत, चकवा, करणी... आमच्या घरात या गोष्टींना जागाच नव्हती. गावात कुणाच्या अंगात आलं की आबा, म्हणजे माझे वडील, मला मुद्दाम न्यायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, खरं किती अन् नाटक किती ते सांग. पुढे नोकरीही तशीच मिळाली. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे — एकोणीस वर्षं झाली. समोर येईल त्यात खोट शोधायची, माप घ्यायचं, जुळलं नाही की बाजूला टाकायचं. बायको म्हणते, मी माणसांनाही तसंच बघतो. तर असा माणूस आज इथं लिहायला बसलाय, यातच काय ते समजा.

राहायला मी बजाजनगरला. नाद एकच, फोटोग्राफी. 'कवडसा' नावाचा आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, मराठवाड्यातली हौशी मंडळी त्यावर फोटो टाकतात. 'आजचे नवे' म्हणून एक पान असतं, तिथं कोण कुठल्या अनोळखी माणसाचे फोटो समोर येतील याचा नेम नाही. पहिल्या शिफ्टला कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते पान चाळायचं, ही माझी रोजची पूजा. ग्रुपचे ॲडमिन जालन्याचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. माणूस गोड, पण एका नियमाला पक्के. फोटोखाली छायाचित्रकाराच्या नावाचा रकाना असतो. तो रिकामा असेल तर फोटो संध्याकाळपर्यंत काढून टाकतात. ज्यानं बघितलं त्याचं नाव पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आता मायविषयी. माझी माय आबा गेल्यावर गावी एकटीच राहायची. बिडकीनहून थोडं आत आमचं गाव आहे. तिथं दोन खोल्यांचं मातीच्या भिंतींचं, वर पत्रे असलेलं घर. सहा वर्षांपूर्वी तिला मी बजाजनगरला आणलं आणि घराला कुलूप लावलं. मी एवढा फोटोवेडा, पण मायनं मला आयुष्यात एक फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. मी चिडायचो. आधार कार्डावर जो काय आहे तेवढाच तिचा फोटो, आणि त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे. घरी आल्यावर ती दोन-तीनच शब्द बोलायची. पाणी. नाय. आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे रोखून बघत, अडखळत —

"फोटू काढ."

मला काय वाटलं म्हणून सांगू. जन्मभर पदर ओढणारी माय शेवटी लेकाचं मन राखतेय! मी कॅमेरा आणला, खिडकीचा पडदा सरकवला, उशी नीट केली आणि फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली, मी पुन्हा काढले. तिसऱ्या दिवशीही तेच. ती डाव्या हातानं कॅमेरा ढकलायची, मान हलवायची, डोळ्यांतून पाणी काढायची, आणि मी म्हणायचो, दमली बिचारी, उद्या काढू. त्यातला एक 'कवडसा'वर टाकला. 'माझी माय' असं खाली लिहिलं. लोकांनी भरभरून लिहिलं, काय डोळे आहेत, किती बोलतात... डोळे बोलत होतेच. लेका तुला कळत कसं नाही, एवढं एकच बोलत होते. आज तो फोटो बघायची माझी हिंमत होत नाही.

असे आठ दिवस गेले. तिचं खाणं तुटलं, चमच्यानं दिलेली पेजही ती ओठांवरून परत काढायची. बायको, सुजाता, म्हणाली की यांचं काहीतरी अडकलंय. मी म्हणालो, अडकायला काय, आजारपण आहे.

नवव्या दिवशी सकाळी, सव्वासहाच्या बसमध्ये, मी 'आजचे नवे' उघडलं. पहिलाच फोटो एका मातीच्या भिंतीचा होता. निळीचा चुना दिलेली भिंत, त्यात एक कोनाडा — आमच्याकडे त्याला देवळी म्हणतात — आणि देवळीत डावीकडं कललेली एक छोटी फ्रेम. फ्रेमला लहान मुलीच्या केसाला बांधतात तशी निळी रिबीन गुंडाळलेली. पत्र्याच्या भोकातून येणारा कवडसा बरोबर काचेवर पडला होता, त्यामुळं आत कुणाचा फोटो आहे ते दिसत नव्हतं. सुंदर फोटो. मी लाइक करणार, तेवढ्यात देवळीच्या बाजूला नजर गेली. भिंतीवर खिळ्यानं कोरलेले आकडे होते. १७, ३४, ५१, ६८, ८५, १०२, ११७...

सतरा साते एकशे एकोणीस. ही चूक माझी आहे. तिसरीत असताना मीच तो पाढा आमच्या भिंतीवर कोरला होता आणि त्या एकशे सतराबद्दल आबांचा मार खाल्ला होता. माझं आयुष्यातलं पहिलं रिजेक्शन ते. अक्षर माझं, भिंत आमची... पण आमच्या भिंतीला देवळी नव्हती. पाढ्याच्या डावीकडं सपाट भिंत होती, तिथं मायचं सूप टांगलेलं असायचं.

फोटो टाकणाऱ्याचं नाव नाही, खातं त्याच दिवशी उघडलेलं, नावाचा रकाना रिकामा. हल्ली एआयनं काय वाट्टेल ते बनवतात, हे माझ्या मनात आलंच. पण बनवायला आधी कुणाकडं तरी ती भिंत पाहिजे. त्या खोलीचा फोटो कधी कुणी काढलेला नव्हता, मी सुद्धा नाही. मी तो मोबाइलमध्ये उतरवून घेतला. शिफ्टभर कामात लक्ष लागलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सुपरवायझरला सांगून दुपारी लवकर निघालो.

घरी येऊन मोबाइल मायपुढं धरला. तिनं बघितलं... आणि जी बाई चार दिवस धड डोळे उघडत नव्हती तिनं डाव्या हातानं मोबाइल माझ्या हातातून ओढला. बोट त्या फ्रेमवर आपटत राहिली. काढ. काढ. फोटू काढ.

मी सवयीनं कॅमेऱ्याकडं वळलो. सुजातानं माझा दंड धरला.

"अहो, त्या 'बाहेर काढ' म्हणतायत," ती म्हणाली. "तिथनं बाहेर काढ."

डबा काढ, कपडे काढ, ट्रंक काढ — हाच शब्द माय दिवसातून पन्नास वेळा वापरायची. आणि मी आठ दिवस लेन्स बदलत बसलो होतो.

गाडीला किक मारून निघालो ते चारच्या सुमाराला गावात पोचलो. कुलूप गंजून बसलेलं, किल्ली फिरेना. शेजारच्या ध्रुपदामावशीकडं हातोडी मागितली. ती मायच्या वयाची, लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गावात आल्या. तिनं विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं, माय फोटो मागतेय. मावशी हातातलं काम टाकून तिथंच बसली.

"मागितला का अखेर," ती म्हणाली. "लई वर्सं दम धरला बाईनं."

माझ्याआधी मायला एक मुलगी होती, एवढं मला माहीत होतं. तापानं गेली, इतकंच. घरात तिचं नावसुद्धा निघायचं नाही. तिचा फोटो होता हे मला मावशीकडून कळलं. जयंतीला पैठणहून एक फोटोवाला गावात आला होता, त्यानं काढलेला. पोरगी तीन वर्षांची, पांढरा फ्रॉक. पुढच्याच पावसाळ्यात ती गेली.

"तुही माय त्यो फोटू घिऊन बसली बघ. भाकर नाय, पाणी नाय. अन् तू पोटात व्हता," मावशी म्हणाली. "मंग तुह्या बापानं फोटू देवळीत ठिवला अन् वरून लिंपून टाकला. म्हनला, गेलेली गेली, येनारं जगलं पायजे. तिला ठावं व्हतं कुठं हाय ते. रोज त्या भिताडाला हात लावायची, पन काढ म्हनली नाय कधी. तुह्यापायी."

हातोडी घेतली आणि निघालो.

कुलूप तोडून आत गेलो. हे मी नीट बघितलंय, त्यामुळं नीट सांगतो — दाराच्या आत चौकटभर जाळं होतं, अखंड. जमिनीवर चार वर्षांची धूळ, त्यावर उंदरांच्या पावलांशिवाय काही नाही. खिडकी नाही, दुसरं दार नाही. पाढा होता. त्याच्या डावीकडं भिंत सपाट, लिंपण साबूत, एक तडा नाही. फोटोत उघडी दिसणारी देवळी तिथं नव्हतीच.

कारखान्यात आम्ही लोखंडाचा तुकडा वाजवून बघतो, आत पोकळ असेल तर आवाज बदलतो. तसं बोटानं वाजवलं. एका जागी आवाज बदलला. हातोडीच्या चार हलक्या घावांत लिंपण खाली आलं, आणि माती बसल्यावर दिसलं — डावीकडं कललेली फ्रेम, निळी रिबीन, आणि वरच्या पत्र्याच्या भोकातून आलेला कवडसा बरोबर काचेवर. सकाळी बसमध्ये बघितलेला फोटो, जसाच्या तसा. फक्त तो आत्ता, या क्षणी घडत होता, आणि माझा मोबाइल माझ्या खिशात होता. अंगावर काटा आला म्हणतात, तो काय असतो ते मला तेव्हा कळलं. भीती मात्र वाटली नाही. का, ते सांगता येणार नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. सुजातानं फ्रेम ओल्या फडक्यानं पुसली. वाळवी लागली नव्हती. खुर्चीत बसलेली एक मुलगी, पाय जमिनीला न पुरणारे, कॅमेऱ्याकडं भुवया आकसून बघणारी. मायनं डावा तळवा काचेवर ठेवला. रडली नाही. "विशा," एवढंच म्हणाली. माझ्या बहिणीचं नाव विशाखा होतं, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. मग तिनं पेज मागितली, आणि वाटीभर प्याली.

थोड्या वेळानं मोबाइलवरचा तो फोटो दाखवून मी तिला विचारलं, माय, हा फोटो कुणी काढला?

तिनं दाराकडं बघितलं. सुजाता तिथं रिकामी वाटी घेऊन उभी होती.

"तिनं," माय म्हणाली.

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही पटलं — फ्रेम बाहेर काढायची गोष्ट सुजातालाच सुचली होती, मायनं श्रेय बरोबर माणसाला दिलं. त्यानंतर माय अकरा दिवस जगली. फ्रेम छातीवरच असायची. शांतपणे गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तिच्या फोटोशेजारी मी विशाखाचा फोटो ठेवला, आणि नातेवाईक विचारत राहिले, ही कोण.

मधल्या काळात मी मास्तरांना फोन केला होता. नावाचा रकाना रिकामा म्हणून त्यांनी तो फोटो त्याच संध्याकाळी काढून टाकला होता. खातं शोधलं तर सापडेना. त्यांना वाटलं, कुणीतरी उघडून बंद केलं असेल. असेलही. माझ्याकडच्या प्रतीत कॅमेऱ्याची, वेळेची, कसलीच माहिती नाही.

खोड जात नाही म्हणतात ना, तसं माझं. मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा गावी गेलो, टेप घेऊन. फोटो कुठून काढला असेल ते मापानं शोधायचं होतं. उभा राहून बघितलं, कोन जुळेना. फोटोत देवळीचं छत खालून दिसतं, म्हणजे कॅमेरा बराच खाली. वाकलो, गुडघ्यावर बसलो, तरी जुळेना. शेवटी उकिडवा बसून मोबाइल आणखी खाली आणला तेव्हा देवळी, पाढा सगळं रेषेत बसलं. जमिनीपासून टेप लावली. जेमतेम अडीच फूट. आणि जागा कुठली, तर त्या दिवशी हातोडी घेऊन मी जिथं उभा होतो, त्याच्या उजवीकडं. माझ्या गुडघ्याशी.

सुजाताची उंची पाच फूट दोन इंच आहे. माय तेव्हा दाराकडं बघत होती, आणि दारात सुजाता होती हे खरं. पण मायनं सुजाताकडंच बघितलं का, ते आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मी प्रश्न विचारला होता तो मोबाइलमधल्या फोटोबद्दल. आणि 'काढला' या शब्दाला मी एकदा फसलेला माणूस आहे.

एवढंच आहे. स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणी दिलं तर ऐकीन, हसणार नाही. गेल्या आठवड्यात तो भिंतीचा फोटो मी माझ्या खात्यावरून 'कवडसा'वर टाकला. नावाचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. माझं नाव टाकणं खोटं झालं असतं. बराच वेळ बघत बसलो, मग लिहिलं — विशाखा.

मास्तरांनी अजून तरी तो काढलेला नाही.