गुलाबी कागदावरची कपबशी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. त्या निवडणुकीचा विषय निघाला की मी उठून परसात जायचो. आता तब्येतीचा भरवसा नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या वाडीत कर्नाटकातून लग्न होऊन आलेली एक सून होती. नवरा मुंबईत. मराठी जेमतेम समजायचं, वाचता येत नव्हतं. माझी मास्तरकीची पहिली वर्षं सीमाभागातल्या शाळेत गेली, त्यामुळे वाडीत कन्नड येणारा मी एकटाच. मी तिला 'तंगी' म्हणायचो, म्हणजे धाकटी बहीण. ती हाक ऐकली की तिचा चेहरा विहिरीच्या पाण्यासारखा हलायचा.

त्या वर्षी ग्रामपंचायतीला तिची थोरली जाऊ उभी राहिली. एकही मत बाहेर जाणार नाही, म्हणून वाडीने देवळात नारळ ठेवला. तंगीचं हे पहिलंच मतदान. आदल्या दुपारी ती नमुना मतपत्रिका घेऊन माझ्या पडवीत आली. कलमं मोहरली होती; त्या वासात दुपार पेंगत होती, मीही पेंगत होतो. दोन जागा, यंत्रावर दोन रंगांचे कागद: पांढऱ्यावर वाडीचाच एक माणूस, गुलाबीवर जाऊ. चिन्हं दोन्हींवर तीच. मी कन्नडमध्ये सांगितलं: पांढऱ्यावर छत्री, गुलाबीवर कपबशी. तिने डोळे मिटून दोनदा म्हणून दाखवलं.

खरं होतं ते उलट: जावेची छत्री, गुलाबीवरची कपबशी समोरच्यांची. दुसऱ्या दिवशी स्वतः यंत्रापुढे उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं. बाहेर आलो तर ती शाळेच्या जांभ्याच्या पायरीवर बसून बोटावरची शाई निरखत होती.

पांढऱ्या कागदावरचा आमचा माणूस आरामात निवडून आला. गुलाबीवरची जाऊ एका मताने पडली.

देवळात बैठक बसली. घराघरातली मतं मोजून झाली आणि सगळ्यांच्या नजरा तंगीवर थांबल्या.

"गुरुजी, विचारा हिला," जाऊ म्हणाली, "कुणाला दिलंन मत? देवासमोर सांग म्हणावं."

मी विचारलं. ती कन्नडमध्ये शांतपणे म्हणाली, "गुरुजींनी दाखवलं, तेच दाबलं." आणि माझ्याकडे बघत राहिली, आता मी हेच मराठीत सांगेन अशा भरवशाने. समईची ज्योत हलत होती. सगळं फार लांब, पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं.

"ती म्हणत्ये, गडबडीत चुकलं," मी सांगितलं.

"चुकलं म्हणे!" कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला. "चहा पिताना बरी कपबशी चुकत नाही हिची!"

लोक हसले. 'चुकलं' हा शब्द तिला कळत होता. तिने मान खाली घातली.

त्यानंतर तिला हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. जावेने चूल वेगळी केली. वर्षभरात नवरा तिला मुंबईला घेऊन गेला. गणपतीलाही दोघं येईनाशी झाली.

मागच्या वर्षी हातखंब्याला एसटीची वाट बघताना ती दिसली. वाकून नमस्कार केलान, स्वच्छ मराठीत विचारलंन, "गुरुजी, गुडघे कसे आहेत?" माझं वाक्य कितीतरी वर्षं तयार होतं.

"बरे आहेत," मी म्हणालो. "तू जेवलीस का?"

तिची गाडी लागली. खिडकीतून तिने हात हलवला. गाडी वळणाआड गेल्यावर मी ओठातल्या ओठात म्हटलं, तप्पु नन्नदु, तंगी. चूक माझी होती, आणि तुझं बोलणं मीच बदललं. मला माफ कर.