गाडीचं पाणी कोण पिऊन राहिलं

माणूस सोडून गेला याचं मला काही वाटलं नसतं. पण तो हसत हसत गेला, ते माझ्या डोक्यात बसलं. चार वर्षं माझ्या डिझेल पिकअपवर ड्रायव्हर होता. क्लच कसा सोडायचा तेसुद्धा मीच शिकवलेलं. बुटीबोरीच्या गिरणीतून कापडाचे गठ्ठे उचलायचे आणि गांधीबागेच्या कापडबाजारात दुकानादुकानात उतरवायचे, एवढंच आमचं काम. मी बाजूला बसून घोरत असलो तरी गाडी बरोबर दुकानाच्या दारात उभी राहायची. अशा माणसानं एका सकाळी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, बुटीबोरीच्या कंपनीत बस भेटली मले चालवाले. कामगारायची ने-आण. एसी हाये."

एसी हाये म्हणे! आणि इतकी वर्षं मी काय याला भट्टीत बसवलं होतं?

"जा मंग," मी म्हटलं. तो हसला, आणि जाताना माझ्या गाडीकडे दोनदा वळून पाहिलं. ते दोनदा पाहणं मला आवडलं नाही. त्याच दिवशी जुन्या बाजारातून मी घोड्याची नाल घेऊन आलो. नजर लागू नये म्हणून गाडीला नाल सगळेच बांधतात, पण मी ती खास त्याच्या नजरेसाठी बांधली. कोणी चोरून नेऊ नये म्हणून समोरच्या जाळीच्या आत बसवली आणि तारेला पक्कडीनं चांगले पाच-सहा पीळ दिले. बायकोनं नालेला हळद-कुंकू लावलं. पुढे दर शनिवारी ती लावत राहिली.

पंधरा दिवसांत गाडी पाणी प्यायला लागली. रेडिएटरमध्ये असतं ते लाल रंगाचं कूलंट, पण आम्ही त्याला पाणीच म्हणतो. सकाळी भरून निघालो की बुटीबोरीहून परत येईपर्यंत लिटरभर कमी. आणि गळताना कुठं दिसेल तर शपथ! गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, तर सकाळी पुठ्ठा ठणठणीत कोरडा. एका मिस्त्रीनं वॉटर पंप बदलला. दुसऱ्यानं सगळे होज पाइप बदलले. तिसरा म्हणाला, हेड गॅस्केट गेलं असेल, इंजिन खोलावं लागेल. त्यानं थंड गाडीच्या रेडिएटरमध्ये हवा भरून पाहिली, तर दाब जागचा हलला नाही. मग समोरून पाहतो म्हणाला, आणि नालेशी येऊन थांबला. "पूजेचं हाये भाऊ, तुमीच काढून द्या."

"नाल काढायची नाही," मी म्हटलं. "बाकी काय पाहायचं ते पाह्य."

त्यानं बाकीचं पाहिलं. नालेखाली लाल ओघळ होता, तो त्यालाही दिसला आणि मलाही. कुंकवाचा असेल म्हणून दोघांनीही सोडून दिला.

मला मिस्त्रीची गरजच नव्हती म्हणा. मला गुन्हेगार माहीत होता. चार वर्षं ज्यानं गाडीचा नट अन् नट हाताळला, त्याला जाता जाता कुठं काय ढिलं करून ठेवायचं हे माहीत नसणार? तापमानाचा काटा वर चढला की माझंही डोकं तापायचं. रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून बाटलीनं पाणी ओतताना मी त्याच्या नावानं काय काय बोललो, ते इथं लिहिता येणार नाही. त्याच्या बसची चारही चाकं एकदम पंक्चर व्हावीत, भर उन्हात एसी बंद पडावा, आत बसलेल्या पन्नास जणांनी त्याला खाली ओढावं. गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत त्याचं नाव घेऊन "घेऊन जा गे मारबत" असं ओरडायचंही मी ठरवलं होतं. पण मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा तर एप्रिल चालू होता. तोपर्यंत कोण थांबतो!

बायको म्हणाली, "अजी, गेला तं गेला. त्याच्या मागे काहून लागून राहिले तुमी?"

"तू मधात नको पडू वं," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी गठ्ठे भरायच्या आधी मी त्याच्या कंपनीच्या गेटवर गेलो. बसगाड्यांचं काम पाहणाऱ्या साहेबाला भेटलो. आवाज अगदी मऊ ठेवला. म्हटलं, "साहेब, तुमचा नवा ड्रायव्हर माझ्याकडे होता. सोडताना माझ्या गाडीचं पाणी काढून गेला. माझ्या गाडीत गठ्ठे असतात, तुमच्या बसमध्ये माणसं बसतात. म्हणून सांगून राहिलो, बाकी माझं काही नाही." साहेबानं माझा चेहरा नीट पाहून घेतला आणि बरं केलं म्हणाला.

आठवड्यानं गेटसमोरच्या टपरीवर कळलं, त्याला काढलं. त्या दिवशी मी पोह्यांवर दोनदा झणझणीत तर्री मागून घेतली. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

पाणी मात्र कमी होतच राहिलं.

मे महिन्यात खापरीच्या पुढे भरल्या गाडीत काटा लालमध्ये गेला. दुपारचे दोन. मी गाडी पुलाच्या सावलीत घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि समोर येऊन उभा राहिलो. नालेकडे पाहून डोकंच फिरलं. इतकं कुंकू खाऊन हिनं केलं काय? "तू तरी काय कामाची आहेस बे!" असं म्हणून मी जाळीच्या फटीतून हात घालून ती धरली आणि हिसका मारला. तार तुटली, आणि आतून कढत पाण्याची बारीक धार सूंऽऽ करत मनगटावर आली. माय वं! मी नाल फेकली आणि हात तोंडात घातला.

मग वाकून पाहिलं. तारेच्या पिळाचं टोक रेडिएटरला टेकलेलं होतं. गाडी हलली की ते घासायचं, आणि घासून घासून सुईएवढं भोक पडलं होतं. गाडी तापली की त्यातून फवारा उडायचा. पंखा तो आत ओढायचा आणि गरम इंजिनावर सगळं जागीच वाळून जायचं. थंड गाडीत भोक मिटलेलं. तो लाल ओघळ कुंकवाचा नव्हता. पीळ मीच दिले होते आणि हाताला टोचू नये म्हणून टोकही मीच आत वळवलं होतं.

आधी मला नाल विकणाऱ्याचा राग आला. मग बायकोच्या कुंकवाचा. मग त्या तिन्ही मिस्त्रींचा. रागवायला कोणी उरलं नाही, तेव्हा मीच उरलो. मी एका माणसाची रोजी घालवली होती.

रेडिएटर दुरुस्त केला. आठ दिवस पाणी थेंबभर कमी झालं नाही, आणि ते आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी उमरेड रोडला त्याच्या घरी गेलो. भर दुपारी तो बनियनवर घरात बसलेला.

"या भाऊ, या!" त्यानं खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी काही बोलायच्या आत तोच सुरू झाला. "भाऊ, कोनी तरी माझी चुगली केली. म्हनते, मी तुमची गाडी खराब करून आलो. तुमी असं बोलनार नाही, हे तं मले माहीत हाये. पन ते आता सगळ्या बुटीबोरीत पसरलं. कोनी गाडी देऊन नाही राहिलं. तुमी एक डाव चालून सांगा ना त्यायले. तुमचं ऐकतीन."

"मीच सांगितलं होतं," मी म्हटलं. मग नालेचं, तारेचं, सगळं सांगितलं.

चहा घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली. तो उठला, खुंटीवरचा शर्ट घातला.

"चला," तो म्हणाला. "जिथं बोलले, तिथं बोला."

वर्धा रोडभर गाडी मीच चालवली, तो बाजूला बसला होता. गेटवर पाळी सुटायची वेळ होती, सगळे ड्रायव्हर बसगाड्यांपाशी उभे होते. साहेब केबिनकडे चला म्हणाला. "नाही साहेब, इथंच," तो म्हणाला. मी सगळ्यांसमोर सांगितलं. यानं काही केलं नव्हतं, गाडी माझ्याच तारेनं गळत होती, मी रागाच्या भरात बोललो. साहेब म्हणाला, "आता त्या बसवर दुसरा माणूस घेतला ना आम्ही."

"असू द्या साहेब," तो म्हणाला. मग ड्रायव्हरांकडे वळला. "ऐकलं ना गा सगळ्यायनं?"

"हव, ऐकलं," दोघे-तिघे म्हणाले. त्यांनी सरकून त्याला सावलीत जागा दिली.

मी गाडी वळवून त्याच्यापाशी आणली, दार उघडलं. "चल बे, घरी सोडतो."

"जा तुमी, सेठ," तो म्हणाला. चार वर्षांत त्यानं मला एकदाही सेठ म्हटलं नव्हतं.