तिळाएवढा स्क्रू

आम्ही बौद्ध झाल्यावर घरातलं पहिलं लग्न माझ्या मोठ्या बहिणीचं. नव्या रीतीनं नवरी पांढरं लुगडं नेसणार, ब्लाउजही पांढरा. फुलसावंगीची आत्या आधीच नाक मुरडून बसली होती. "पांढऱ्यात कुठं नवरी असते काय वं?" म्हणून ब्लाउज असा व्हायला हवा होता की तिला नाव ठेवायला जागाच उरू नये. आणि तो शिवायचा होता मी, आमच्या जुन्या मशीनवर.

मशीनचं मी बघून घेतलं असतं हो, पण बाबांचं काय करायचं? बाबा घाटंजीच्या जिनात कापसाच्या यंत्रांना तेल घालायचे. आवाज आला की तेल ओता, स्क्रू दिसला की आवळा, एवढंच त्यांना ठाऊक.

शिलाई मशीनच्या बॉबिनच्या डबीवर तिळाएवढा स्क्रू असतो. तो जास्त आवळला की कापडाच्या खालून दोऱ्याचं जाळं होतं. मी चिंधीवर शिवून बघायची, स्क्रू केसभर ढिला करायची, पुन्हा शिवायची. टाका जमला की जीव भांड्यात पडायचा. जरा पाणी भरायला गेले की बाबा हजर!

"ढिला होता, म्या आवळून देल्ला," वर खुशीत सांगायचे.

"बाबा, हात जोडले तुमाले, हात नोका लावू!"

"कायले बोंबलून राह्यली? जिनात स्क्रू ढिला राह्यला तं मानूस मरते."

"आवो, हे जिन हाय का?"

पण ऐकतील तर बाबा कसले! एकदा तर मशीन कुरकुरते म्हणून भसकन तेल ओतलं, आणि शिवायला ठेवलेल्या बाहीवर हा काळा डाग! साबण झाला, रिठे झाले, डाग ढिम्म. जास्तीचं कापड नव्हतं. मी रडले, आदळआपट केली. शेवटी दोन्ही बाह्या आखूड करून डाग कापून टाकला, दाराला आतून कडी घातली, स्क्रू पुन्हा जमवला आणि ब्लाउज एका बैठकीत पुरा केला.

लग्नात आत्यानं बहिणीची बाही उलटून पाहिली. टाक्यांवरून नख फिरवलं.

"शिलाई तं झकास हाय. कोनं केली?"

मी तोंड उघडते तोच बाबा पुढं झाले. "मशीन म्या बसवून देल्ली ना! हे पोरगी तं स्क्रू ढिलाच ठेवे."

"तरीच!" आत्या म्हणाली, आणि पांढऱ्याबद्दल चकार शब्द न काढता पंगतीत जाऊन बसली.