कारावांकच्या घुमटावरचं झाड

दर वसंतात घेवोंद कमरेला दोर बांधून कारावांकच्या ख्रिस्ती मठाच्या छपरावर चढायचा आणि दगडांच्या फटीतलं गवत उपटायचा. "जरा म्हाताऱ्याची हजामत करून येतो," असं बायकोला सांगून निघायचा. बाप हेच करायचा, म्हणून तोही करायचा.

आठशे वर्षांमागे वासाक सरदाराने मेलेल्या मुलाच्या नावाने हा मठ बांधला आणि मेल्यावर स्वतःला उंबऱ्याशी दगडाखाली पुरायला सांगितलं, येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवावं म्हणून. मंगोल येऊन गेले. पुढे सरकारी सामुदायिक शेतीच्या कोलखोझवाल्यांनी सभामंडपात बटाटे साठवले. भिंती उभ्याच राहिल्या. बाहेरून आतून घडीव दगड, पोटात चुना आणि खडी. त्या पोटात मूळ शिरलं की मागोमाग पाणी शिरतं आणि थंडीत गोठून फुगतं, एवढीच काय ती भीती.

घेवोंदचे गुडघे गेले, चढणं संपलं. मग घुमटाच्या गळ्याशी एक हिरवं टोक दिसू लागलं. रानबदाम. मुलगा तातुल तेव्हा रशियात परक्यांच्या भिंतींना गिलावा करत होता.

"कधी येतोस?" घेवोंद फोनवर विचारायचा.

"हातातलं काम संपू दे, बाबा."

"झाड वाढतंय."

"आई कशी आहे ते तरी सांग आधी."

मागून बायको, आर्पेनिक, ओरडायची, "आई घुमटावर उगवली असती तर बापाला ठाऊक असतं म्हणावं."

काम संपेना. गाव रिकामं होत गेलं. बदामाला फुलं आली, तेव्हा शहरातून माणसं येऊन फोटो काढून गेली.

अखेर एका शरदात तातुल आला, तो गाडी घेऊनच. आईबापांना न्यायला.

"येतो," घेवोंद म्हणाला. "आधी झाड काढ."

तातुलने मठात मेणबत्ती लावली आणि सरळ वळून बाहेर आला.

"वेदीला पाठ?" घेवोंद गुरगुरला. "उलट्या पावली निघायचं हेही विसरलास? पाठ दाखवायची बरी सवय लागलीय."

 तातुल दोर घेऊन चढला. घेवोंद खाली मान वर करून उभा.

"मूळ दिसतंय?"

वरून पांढरी धूळ खाली आली.

"तातुल?"

"बाबा, चुन्याची माती झालीय. माझा अख्खा हात आत जातोय."

"मग उपट ना."

"दगड मुळानेच धरलेत. उपटलं तर सगळं अंगावर येईल."

"बुंध्यातून काप."

"मूळ आत कुजेल. मग सगळं खाली येईल."

"आणि असंच ठेवलं तर?"

"तरी येईलच, बाबा."

तो उतरला तेव्हा कोपरापर्यंत पांढरा झाला होता. घेवोंदने त्याच्या बाहीवरची धूळ झटकली, मग हात थांबवला.

"पहिल्या वर्षी दोन बोटांनी निघालं असतं."

"माहीत आहे."

"सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस."

दोघे आत गेले. घेवोंदने मेणबत्ती लावली. या वेळी तातुल वेदीकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत गेला आणि तिथे बापाची वाट पाहत उभा राहिला. घेवोंदने वर घुमटाकडे पाहिलं. चिंचोळ्या खिडकीतून उजेडाची पट्टी भिंतीवर पडली होती. आतून सगळं धडधाकट दिसत होतं.

मग तो वळला. दुकानात माल न मिळालेल्या गिऱ्हाइकासारखा, वेदीला पाठ करून सरळ चालत निघाला. उंबऱ्याशी वासाकच्या दगडावर पाय पडला, तेव्हा त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

गाडीत आर्पेनिक लवाशच्या पातळ रोट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. निघालं का एकदाचं तुझं लाडकं झाड, असं विचारायचं तिने घोळवून ठेवलं होतं. नवरा दारातून उलट्या पावली नव्हे, समोर तोंड करून येताना तिने पाहिला. गाठोडं उचलून तिने त्याच्यासाठी जागा केली.